गल्ल्यावरची वही

एप्रिल महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत शिरलं की दुकान दिसायच्या आधी शिंक येते. गोणपाटावर ओतलेल्या बेडगीचे गर्द लाल ढीग, शेजारी आखूड, तिखटजाळ लवंगी, आतल्या कढईत परतले जाणारे धने आणि त्याच्याही मागे डंकाचा एका लयीतला धप्प-धप्प आवाज. वर्षाचा मसाला करून घ्यायला परळ-शिवडीपासून पार विरार-बदलापूरपर्यंतच्या बायका इथे येतात. हातात पिशवी, पिशवीत यादी. ती यादी बहुधा आईच्या नाहीतर सासूबाईंच्या अक्षरातली, घड्यांवर फाटलेली, दरवर्षी कडेला काहीतरी भर घातलेली.

अशाच एका दुकानात मी तीन दिवस स्टुलावर बसून होते. दुकान मालकांच्या मुलानं नुकतंच हाती घेतलं होतं आणि त्याला दुकानाची माहिती लोकांपर्यंत न्यायची होती. छोटे व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरचे संदेश, मसाल्याच्या पुड्याबरोबर द्यायचं एक छापील पत्रक. वर्षभराची आखणी त्यानं आधीच करून ठेवली होती: मसाल्यांचा इतिहास, आमची तीन पिढ्यांची परंपरा, शुद्धतेची हमी, हळदीचे दहा फायदे. मजकूर वाईट नव्हता. पण त्या तीन दिवसांत यातल्या एकाही गोष्टीबद्दल एकाही बाईनं काही विचारलं नाही.

त्यांनी जे विचारलं ते मी उतरवून घेतलं. "मागच्या वर्षी रंग काळपट आला, ह्या वर्षी काय करू?" "दोन किलो मिरचीचा मसाला चार माणसांना वर्षभर पुरेल का हो दादा?" "निम्मी बेडगी, निम्मी संकेश्वरी घेतली तर मुलं खातील ना?" "आमच्याकडे माशाच्या आमटीला तिरफळ लागतं, ते मसाल्यातच घालू की वेगळं ठेवू?" "मुलगी दुबईला असते, तिला द्यायचाय, तेल सुटणार नाही ना पिशवीला?" "खडा हिंग बरणीच्या तळाशी ठेवायचा की वर?" आणि एक प्रश्न, जो त्या तीन दिवसांत सर्वांत जास्त वेळा आला: "डोळ्यांदेखत कुटाल ना?"

या शेवटच्या प्रश्नापाशी थोडं थांबायला हवं. तो विचारणारी बाई दुकानदारावर आरोप करत नसते. तिनं घरी चार दिवस गच्चीवर मिरच्या वाळवलेल्या असतात, एकेक देठ खुडलेला असतो, बोटांची आग सोसलेली असते. ती मिरची दुसऱ्या कोणाच्या मिरचीत मिसळली जाईल ही तिची धास्ती आहे. 'शुद्धतेची हमी' असा फलक लावून ही धास्ती जात नाही. तिच्या पिशवीला चिठ्ठी कशी लावली जाते, एका घाण्यानंतर डंक कसा झाडून घेतात, तिची मिरची ओतताना तिला कुठे उभं राहता येईल, हे अर्ध्या मिनिटात दाखवलं तर जाते. त्या दुकानाच्या वर्षभराच्या आखणीतला पहिला व्हिडिओ तोच व्हायला हवा होता, आणि तो कोणाच्या यादीत नव्हता, कारण यादी आतल्या खोलीत बसून केलेली होती.

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच. ज्याला आज कंटेंट मार्केटिंग म्हणतात, म्हणजे नुसती जाहिरात न करता गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा मजकूर देऊन त्याचा विश्वास मिळवणं, त्याची आखणी गल्ल्यापाशी होते. गिऱ्हाईक रोज तोंडानं आपल्याला ती आखणी सांगत असतं. आपण ती लिहून घेत नाही.

मुंबईत या विद्येचा सर्वांत मोठा नमुना घराघरात खिळ्याला टांगलेला आहे. जयंतराव साळगावकर हे मूळचे मालवणचे. ज्योतिषाचे अभ्यासक आणि त्याआधी शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवून मराठी वाचकाची नाडी ओळखलेले गृहस्थ. त्यांनी 1973 साली 'कालनिर्णय' सुरू केलं. तोपर्यंत घरात पंचांग असायचं, पण ते वाचता येणं हे वेगळं शास्त्र होतं. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण अशी पाच अंगं, घटी-पळांतले आकडे, बारीक टाईप आणि आद्याक्षरांची भाषा. चाळीतल्या बाईला संकष्टीचा उपवास सोडायचा असेल तर ती शेजारच्या भटजींना विचारणार, किंवा गॅलरीत उभी राहून चंद्राची वाट पाहणार.

आता कालनिर्णयाच्या चौकटींकडे बघा. जवळजवळ प्रत्येक ओळीमागे एक प्रश्न वाचता येतो. आज चतुर्थी आहे का? चंद्रोदय किती वाजता? तोही घटी-पळांत नव्हे, घड्याळाच्या वेळेत, आणि आपल्या गावाचा. एकादशी आज की उद्या? स्मार्त आणि भागवत वेगळी आली तर आपण कोणती धरायची? बँकेला सुट्टी आहे का? शेजारच्यांची ईद कधी, समोरच्या पारशीबावांचं नवं वर्ष कधी? भायखळा-परळ-गिरगावच्या वस्तीत हे सगळे प्रश्न एकाच जिन्यावर भेटतात, आणि ते एकाच पानावर आले. पान उलटलं की मागे पाककृती, आरोग्य, राशिभविष्य, नामवंतांचे लेख. म्हणजे महिना संपला तरी पान टाकवत नाही.

कालनिर्णय हे स्वतःच विकत घेण्याचं उत्पादन आहे, ते दुसऱ्या कशाची जाहिरात म्हणून निघालं नाही, हे खरं. तरीही ज्याला मजकुराची आखणी शिकायची आहे त्यानं एक जुनं कालनिर्णय समोर घेऊन बसावं असं मी आग्रहानं सांगते. छापलेल्या भागापेक्षा त्याच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं अधिक शिकवतं. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, कामाच्या बाईच्या सुट्ट्या, शाळेची सहल. वापरणाऱ्यानं चौकटीत आपला संसार लिहिलेला असतो. गिऱ्हाईक तुमच्या मजकुराचं काय करतं, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे वाचायला मिळत नाही.

आता गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचा दुसरा, अवघड प्रकार. प्रश्न कौतुकानं किंवा गरजेपोटी येतो तेव्हा उत्तर देणं सोपं. तो आक्षेप म्हणून येतो तेव्हा विक्रेता दुखावतो, आणि नेमका तोच प्रश्न वहीत लिहायचा राहतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. माटुंग्याचं आजचं व्हीजेटीआय ते हेच, तेव्हा भायखळ्याला होतं. ती नोकरी सोडून ते बेळगावला गेले आणि पुढे लोखंडी नांगर बनवू लागले. शेतकरी तो घेईनात. किंमत किंवा वजन यापेक्षा त्यांची हरकत वेगळीच होती: लोखंडानं जमीन विषारी होते. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. अशा आक्षेपाला 'आमचा नांगर सर्वोत्तम' हे उत्तर होऊच शकत नाही. ज्याला जमीन नासण्याची भीती आहे त्याला सर्वोत्तम नांगर म्हणजे सर्वोत्तम विष. त्याला दाखवावी लागते दुसऱ्या कोणाची तरी जमीन, जिथे तो नांगर चालला आणि पीक आलं.

1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पुढे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, कारखान्याच्या विक्रीचं आणि जाहिरातीचं काम पाहू लागले. त्यांचं शिक्षण चित्रकलेचं. 1920च्या जानेवारीत त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याची आणि मालाची बातमी देणारं ते छोटेखानी पत्र होतं. आजच्या भाषेत बोलायचं तर मराठीतलं कंटेंट मार्केटिंग इथून सुरू झालं असं मी मानते. पण खबर फक्त नांगराची राहिली नाही. वाचणाऱ्याला नांगराबरोबर उद्योग, प्रवास, आरोग्य, समाज यांबद्दलही ऐकायचं होतं, आणि पत्र त्याच्या मागोमाग गेलं. 1929 साली 'खबर' हा शब्द गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं, 1930 साली 'स्त्री' मासिक निघालं, 1934 साली 'मनोहर'. नांगराच्या कारखान्यातून तीन मासिकं, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या त्यांवर वाढल्या. अनेक घरांत नांगर कधीच पोचला नसेल, 'स्त्री' पोचली.

जगात इतरत्र हे त्याआधीच उमगू लागलं होतं. अमेरिकेत शेतीची अवजारं बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीनं 1895 साली 'द फरो' हे शेतकऱ्यांसाठीचं नियतकालिक सुरू केलं, ते अजून निघतं. फ्रान्समध्ये टायर बनवणाऱ्या मिशेलिननं 1900 साली मोटारवाल्यांना एक मार्गदर्शक पुस्तिका फुकट वाटली: पेट्रोल कुठे मिळेल, टायर फाटला तर दुरुस्ती कुठे, मुक्काम कुठे. आणि अगदी अलीकडे, 2008च्या मंदीत, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात पोहण्याचे तलाव बसवणारी एक छोटी कंपनी बुडायला आली होती. तिच्या भागीदारांपैकी मार्कस शेरिडन यानं गिऱ्हाइकांनी आजवर विचारलेले प्रश्न आठवून एकेकाचं लेखी उत्तर द्यायला सुरुवात केली. त्यातलं पहिलं मोठं उत्तर होतं किमतीचं. तलावाला किती खर्च येतो हे त्या धंद्यात कोणी उघड सांगत नसे. त्यानं सांगितलं, आणि कंपनी वाचली.

किमतीबद्दल आपल्याकडेही हीच अढी आहे. दादरला साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला न विचारलेला प्रश्न नेहमी पैशाचा असतो. तो थेट येत नाही. "ही सेमी आहे का?", "जर खरी आहे ना?", "ही घरी धुतली तर चालेल?" असा आडून येतो. हातमागाची पैठणी आणि यंत्रमागावरची तिच्यासारखी दिसणारी 'सेमी' यांच्या किमतीत इतका फरक का, पदराची मागची बाजू पाहून तो कसा ओळखायचा, हे जे दुकान आधीच समजावून सांगतं, त्या दुकानात बाई निर्धास्तपणे बसते. बजेट कमी असेल तर मोकळेपणानं सेमी मागते. तिला फसवलं जाण्याची भीती असते तोवर ती काहीच घेत नाही, "जरा फिरून येते" म्हणून उठते. हे "जरा फिरून येते" वहीत लिहिण्याजोगं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. त्याच्या आधी काय बोलणं झालं होतं ते आठवून लिहावं.

गिरगावातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती गिऱ्हाइकाच्या बोलण्याचा दुसरा अर्थ दाखवते. मॅजेस्टिक सिनेमा म्हणजे 'आलम आरा' 1931 साली जिथे पहिल्यांदा लागला ते चित्रपटगृह. त्याच्याच नावानं गिरगावात मॅजेस्टिक बुक स्टॉल उभा राहिला. केशवराव कोठावळे पुस्तकं विकत होते, पुढे प्रकाशकही झाले. पुस्तकांच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक फार बोलतं. नवीन काय आलंय, अमक्यांचं पुढचं पुस्तक कधी, ते तमकं वाचण्यासारखं आहे का, की नुसताच गाजावाजा? विक्रेता दिवसभर ही उत्तरं देत राहतो आणि संध्याकाळी ती हवेत विरून जातात. 1964च्या जानेवारीत कोठावळ्यांनी 'ललित' सुरू केलं. पुस्तकांविषयीचं, लेखकांविषयीचं, वाचकांसाठीचं मासिक. जयवंत दळवींनी त्यात 'ठणठणपाळ' या नावानं लिहिलेलं सदर वाचायला लोक महिनाभर थांबत. दुकानात चालणाऱ्या साहित्यिक गप्पांचा सूर त्या सदरात छापील झाला होता.

'ललित'नं आणखी एक केलं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. 'चोखंदळ वाचकांची निवड' या सदरातून वर्षातली आवडलेली पुस्तकं कोणती, हे वाचकांनाच विचारलं आणि ते छापलं. म्हणजे गिऱ्हाइकाचा प्रश्न घेऊन उत्तर देणं इथपर्यंत न थांबता, गिऱ्हाइकाचं मत दुसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवलं. पुस्तक घ्यावं की नाही या शंकेवर प्रकाशकाच्या शब्दापेक्षा दुसऱ्या वाचकाचा शब्द भारी पडतो. मसाल्याच्या दुकानातही हेच होतं. "तिरफळ वेगळं ठेवा हो, आमटीत अख्खं टाकायचं आणि वाढताना काढायचं," हे दुकानदारानं सांगितलं तर सल्ला ठरतो. रांगेतल्या मालवणच्या काकूंनी सांगितलं की पदर खोचून ऐकलं जातं. ते वाक्यही वहीत यायला हवं, आणि काकूंची परवानगी घेऊन पत्रकातही.

तर वही. ती कशी ठेवायची?

शंभर पानी, साधी. एका पानावर तीन रकाने पुरतात: तारीख, गिऱ्हाइकाचं वाक्य, आणि पुढे काय झालं. घेतलं, नाही घेतलं, परत येते म्हणाली. मधल्या रकान्यात वाक्य जसंच्या तसं यायला हवं, हा एकच कडक नियम. 'रंगाविषयी चौकशी' असं लिहिलं की प्रश्न मेला. "मागच्या वर्षी रंग काळपट आला" असं लिहिलं की त्यात तीन गोष्टी जिवंत राहतात: बाई दरवर्षी मसाला करते, मागच्या वर्षी तिची निराशा झाली, आणि तिला वाटतं की चूक तिची होती. उत्तर लिहिताना या तिन्ही गोष्टी कामाला येतात. मसाले करपले असतील, मिरची पुरती वाळली नसेल, किंवा बेडगीचं प्रमाण कमी पडलं असेल. हे समजावून सांगताना आपसूकच सूर मायेचा येतो. शिवाय लोक मोबाइलवर शोधतानाही आपल्याच शब्दांत शोधतात. 'मसाला काळा का पडतो' असं बोलून विचारतात. 'मसाल्याच्या रंगस्थैर्याची कारणे' असं कोणी विचारत नाही.

वही कोणी लिहायची? मालकानं एकट्यानं नाही. मालकापर्यंत फक्त स्तुती आणि भांडण पोचतं. मधलं सगळं गल्ल्यावरच्या मुलाला, फोन घेणाऱ्या ताईला आणि घरपोच माल नेणाऱ्या पोऱ्याला माहीत असतं. डबा देताना दारात काय बोललं गेलं हे त्या पोऱ्याशिवाय कोणालाच ठाऊक नसतं. संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर दहा मिनिटं त्याला बसवून विचारावं, आणि त्याचं नाव लिहावं, म्हणजे त्यालाही आपल्या ऐकण्याची किंमत कळते. आता बरंच बोलणं व्हॉट्सॲपवर होतं, तिथे तर ते आयतं लिहिलेलं मिळतं. मात्र कोणाचं नाव, नंबर, घरची गोष्ट त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये. 2023 साली देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. पण कायद्याच्याही आधी, गिऱ्हाईक आपल्याशी विश्वासानं बोललेलं असतं.

महिनाभरानं वही उघडली की प्रश्न आपोआप गटांत पडू लागतात, त्याला फार डोकं लावावं लागत नाही. खरं कसब आहे ते प्रश्नाखालची काळजी ओळखण्याचं. परळच्या गणपती कारखान्यात ऐकू येणारा एक नेहमीचा प्रश्न घ्या: "शाडूची दीड फुटी मूर्ती वजनाला किती भरेल?" वरवर पाहता हा आकड्याचा प्रश्न. पण विचारणारा चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, जिना लाकडी आणि अरुंद, वडील सत्तरीचे आणि मूर्ती तेच उचलून आणणार असा घरचा शिरस्ता. शाडूची मूर्ती प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा जड असते आणि धक्क्यानं लवकर तडकते. तेव्हा त्याला आकडा सांगून भागत नाही. पाटासकट कशी धरायची, हाताला कुठे आधार द्यायचा, मूर्तीचं बोट दुखावलं तर ओल्या शाडूनं कसं बुजवायचं, घरी बादलीत विसर्जन केलं तर माती विरघळायला किती वेळ द्यायचा आणि ती नंतर कुंडीत कशी वापरायची, हे सांगितलं तर तो शाडूची मूर्ती नेतो. नुसतं 'पर्यावरणपूरक' हे विशेषण लावलं तर तो मान डोलावतो आणि प्लास्टरची घेऊन जातो. ही मान डोलावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि दर वेळी मला वाटलं आहे की यात त्यांची चूक नाही. त्यांच्या जिन्याबद्दल कोणी बोललंच नव्हतं.

वेळेचा मुद्दा राहिला, आणि तिथे बहुतेकांचं गणित चुकतं. सणाचा मजकूर सणाच्या दिवशी देतात. प्रश्न मात्र सणाच्या कितीतरी आधी येतात, आणि किती आधी, ते वस्तूवर अवलंबून असतं. वर्षाच्या मसाल्याचं बोलणं होळीनंतर सुरू होतं. मूर्तीची नोंदणी आषाढात विचारली जाते. परदेशातल्या मुलांना फराळ पाठवणाऱ्या दादरच्या आजी-आजोबांचे प्रश्न नवरात्राच्याही आधी येतात: चकली मोडणार नाही ना, बेसनाचा लाडू किती दिवस टिकेल, पार्सलवर काय लिहायचं. उकडीच्या मोदकांचे प्रश्न मात्र जेमतेम चार दिवस आधी, आणि ते अगदी घड्याळाचे असतात. "अकराला दिलेत तर नैवेद्यापर्यंत गरम राहतील का?" "आदल्या दिवशी आणून फ्रीजमध्ये ठेवले तर?" फ्रीजमध्ये तांदळाच्या उकडीची पारी कडक होते, पुन्हा वाफ दिली की बरीचशी मऊ पडते. एवढंच एका मिनिटात दाखवायचं, तेही हरतालिकेच्या आदल्या दिवशी. गणेश चतुर्थीच्या दिवशी ते पाहायला कोणाला सवड नसते. वहीतला तारखेचा रकाना या कामाचा. एका वर्षाची वही भरली की दुसऱ्या वर्षाचं वेळापत्रक तिच्यातून उतरवता येतं. प्रश्न ज्या तारखेला पहिल्यांदा आला, त्याच्या आठवडाभर आधी उत्तर तयार.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. मोठ्यानं बोलणारं गिऱ्हाईक म्हणजे सगळी गिऱ्हाइकं नव्हेत. एकानं तावातावानं सांगितलं म्हणून आखणी बदलू नये. तेच बोलणं वेगवेगळ्या तोंडून तीन-चारदा आलं की मनावर घ्यावं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. काही प्रश्नांचं खरं उत्तर आपल्या सोयीचं नसतं. "तुमच्याकडची हीच मिरची घाऊक बाजारात स्वस्त मिळते का?" मिळते, पण तिथे गोणीच्या हिशेबानं घ्यावी लागते, आणि निवडून, भाजून, कुटून कोणी देत नाही. असं सरळ लिहावं. पाच किलोंच्या वर घेणारं गिऱ्हाईक कदाचित तिकडे जाईल. दोन किलोवालं मात्र पुढल्या वर्षीही आपल्याकडे येईल, आणि येताना शेजारणीला घेऊन येईल. उत्तर द्यायला संकोच वाटला तर गप्प राहावं, पण गोलमाल उत्तर छापू नये. छापलेलं खोटं गिऱ्हाईक जपून ठेवतं.

सरळ उत्तर द्यायची ही सवय पूर्वी दारावर लागायची. परळमध्येच 1952 साली केशव विष्णू पेंढरकरांनी विकोचा धंदा उभा केला. दंतमंजन घेऊन ते आणि त्यांच्या घरची माणसं दारोदार फिरली. दार वाजवून माल विकणाऱ्याला लोक तोंडावर विचारतात, आणि त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. त्या फिरण्यात मिळणारं शिक्षण आज पैसे मोजूनही मिळणं कठीण आहे. तरी ते अजून उपलब्ध आहे, तुमच्याच दुकानाच्या उंबऱ्यावर.

लालबागच्या त्या दुकानानं पुढच्या हंगामात पत्रक बदललं. परंपरेचा परिच्छेद गेला. वर मोठ्या अक्षरात 'तुमची मिरची तुमच्या डोळ्यांदेखत' असं आलं, खाली एक किलो मिरचीला कोणता मसाला किती याचा तक्ता, शेवटी खडा हिंग कुठे ठेवायचा. आणि सर्वांत खाली चार कोऱ्या ओळी, 'तुमच्या घरचं प्रमाण इथे लिहा' म्हणून. बायका त्या ओळी भरतात आणि पत्रक यादीबरोबर पिशवीत ठेवून देतात.

उद्या दुकान उघडाल तेव्हा गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. पेन सुतळीनं बांधून ठेवा, म्हणजे जागेवर राहील. पहिलं गिऱ्हाईक जे पहिलं वाक्य बोलेल, ते त्याच्याच शब्दांत लिहा.